चित्रं जपणारी माणसं : कृष्णवर्णीय अमेरिकन कला आणि तिचे संग्राहक

रानजाई

मंडळी, बरेच दिवस मनात घोळत असलेला विषय आज लिहायला घेतलाय. मी मेरीलँडमध्ये राहते, वॉशिंग्टन शहराला लागूनच. शहरात ड्युपाँट सर्कलजवळ फिलिप्स कलेक्शन नावाचं संग्रहालय आहे. मूळचं ते राहतं घर, त्यामुळे आत शिरलं की कुणाच्या तरी दिवाणखान्यात आल्यासारखं वाटतं. जेकब लॉरेन्स या कृष्णवर्णीय अमेरिकन चित्रकाराच्या 'स्थलांतर' मालिकेतली निम्मी चित्रं या संग्रहालयाची आहेत. मालिका एकूण साठ चित्रांची. विषम क्रमांकांची तीस इथे आणि सम क्रमांकांची तीस न्यूयॉर्कच्या मोमा संग्रहालयात. १९४२ साली दोघांनी ती अशी वाटून घेतली.

पहिल्या क्रमांकाच्या चित्रासमोर मी किती वेळा उभी राहिले असेन, मोजलेलं नाही. चित्र लहानसं आहे, बारा इंच बाय अठरा इंच, फुलस्केप वही उघडून ठेवली तर होईल एवढं. रेल्वे स्टेशनचे तीन दरवाजे, त्यांवर पाट्या : शिकागो, न्यूयॉर्क, सेंट लुईस. खाली माणसांची दाटी. नाकडोळे जवळजवळ नाहीतच, नुसत्या टोप्या, कोट आणि हातातलं सामान. पहिल्या महायुद्धाच्या काळात दक्षिणेतली शेती, कर्ज आणि झुंडींची दहशत मागे टाकून लाखो कृष्णवर्णीय उत्तरेच्या शहरांकडे निघाले, त्याची ही गोष्ट. लॉरेन्सचे आईवडीलही त्यांतलेच. कोकणातून मुंबईच्या गिरण्यांत गेलेल्या माणसाच्या नातीला हे चित्र कुणी समजावून सांगावं लागत नाही.

मालिका पुरी झाली तेव्हा लॉरेन्स फक्त तेवीस वर्षांचा होता. त्याची प्रतिभा मोठी होतीच. पण हे चित्र आज इथवर टिकून माझ्यापर्यंत पोचलं, त्यामागे कुणाकुणाचे हात आहेत हे शोधायला लागले आणि त्यातच गुंतले.

पहिलं नाव आर्तुरो शॉमबर्ग. जन्म १८७४, पोर्तो रिको. काळ्या लोकांना इतिहासच नाही, असं लहानपणी त्याला एका शिक्षिकेने सांगितलं, असं तो सांगत असे. पुढे न्यूयॉर्कमध्ये एका बँकेच्या टपाल विभागात नोकरी करता करता त्याने जगभरातून पुस्तकं, हस्तलिखितं, पत्रकं, कोरीव छापचित्रं जमवली. मोठा धनिक नव्हता, पगारदार माणूस. १९२६ साली कार्नेगी कॉर्पोरेशनने दिलेल्या १०,००० डॉलरांतून न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयाने हा संग्रह घेतला आणि हार्लेम या शहरातल्या कृष्णवर्णीय वस्तीतल्या १३५व्या रस्त्यावरच्या शाखेत ठेवला. ५,००० वर पुस्तकं, ३,००० हस्तलिखितं आणि २,००० छापचित्रं. याच ग्रंथालयात बसून लॉरेन्सने महिनोन्महिने वाचन केलं आणि स्थलांतराची मालिका उभी केली. म्हणजे बँकेतल्या टपालवाल्याने जमवलेल्या कागदांतून ही चित्रं निघाली. मला हे फार थोर वाटतं.

दुसरं नाव ऑगस्टा सॅव्हेज. शिल्पकार आणि हार्लेममधल्या कितीतरी मुलांची शिक्षिका. सरकारी कला योजनेत लॉरेन्सला काम मिळावं म्हणून ती त्याला स्वतः घेऊन गेली. वय कमी म्हणून नकार आला, तर वर्षभराने पुन्हा घेऊन गेली. या खेपेला काम झालं.

आता खुद्द सॅव्हेजच्या कामाचं काय झालं ते ऐका. १९३९च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनासाठी तिने 'द हार्प' हे सोळा फूट उंच शिल्प केलं. वाद्याच्या तारांच्या जागी गाणारी बारा कृष्णवर्णीय माणसं, उतरत्या उंचीने उभी, अंगरख्याच्या चुण्या तारांसारख्या सरळ खाली आलेल्या. खाली त्यांना तोलून धरणारा देवाचा हात. प्लास्टरचं शिल्प, वरून काळ्या दगडासारखं रंगवलेलं. लोकांनी त्याच्या छोट्या प्रतिकृती विकत नेल्या, फोटो काढले. प्रदर्शन संपलं. ब्राँझमध्ये ओतून घ्यायला पैसे नव्हते, ठेवायला जागा नव्हती. बाकीच्या मंडपांबरोबर तेही बुलडोझरखाली गेलं.

गुरूचं शिल्प गेलं आणि शिष्याची चित्रं राहिली. शिष्याच्या चित्रांना घर मिळालं, एवढाच फरक. म्हणून मला संग्राहकांबद्दल बोलायचंय. लिलावात हात वर करणाऱ्यांपेक्षा वस्तू, नाव आणि कागद सांभाळून ठेवणाऱ्यांबद्दल. तुम्हाला ठाऊक असलेलं लिहा.

शिसपेन्सिल

सुंदर लिहिलंय. चित्रकार म्हणून एक भर घालतो. लॉरेन्सने ही मालिका केसीन टेंपेरात केली आहे. हा रंग दुधातल्या प्रथिनापासून बनतो, चटकन वाळतो आणि वाळल्यावर मॅट दिसतो. आज मिसळलेली छटा उद्या तशीच्या तशी जमेल याची खात्री नसते. म्हणून त्याने साठही फळ्या एकदम कामाला घेतल्या. एक रंग घ्यायचा, ज्या ज्या चित्रात तो हवा तिथे लावायचा, मग पुढचा. आधी गडद, मग फिके. फळ्यांना अस्तर लावून त्या तयार करायला ग्वेंडोलिन नाइट होती, तीही चित्रकार, पुढे त्याची पत्नी झाली. म्हणून साठ चित्रांतला निळा सगळीकडे तोच निळा आहे. आता तीस इथे आणि तीस तिथे हे वाचून जीव हळहळतो. एका घाण्यातला रंग दोन शहरांत.

दुर्वांकुर

वाचतेय. सॅव्हेजचं वाचून पोटात कालवलं.

तिठा

रानजाई, विषय आवडला, पण एक शंका मोकळेपणाने विचारतो. मी बँकेत आहे, त्यामुळे नजर आकड्यांकडे जाते. २०२२ मध्ये कृष्णवर्णीय चित्रकार अर्नी बार्न्सचं 'द शुगर शॅक' हे चित्र लिलावात १५.३ दशलक्ष डॉलरला गेलं, अंदाज जास्तीत जास्त दोन लाखांचा होता. बार्न्स तर २००९मध्येच गेला. मग हे कलेला उचलून धरणं झालं, की धनिकांची गुंतवणूक? कलाकाराच्या हातात काय पडतं?

माजघर

तिठा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर आमच्या शिकागोत दोनदा मिळालं आहे.

केरी जेम्स मार्शल हा इथलाच चित्रकार. 'पास्ट टाइम्स' हे त्याचं मोठं चित्र, तळ्याकाठी निवांत सहलीला आलेलं कृष्णवर्णीय कुटुंब, गोल्फ, क्रोके, पाण्यावर नाव. १९९७ मध्ये इथल्या एका सार्वजनिक प्राधिकरणाने ते २५,००० डॉलरला घेतलं आणि मॅककॉर्मिक प्लेस या संमेलन केंद्रात लावलं. २०१८ मध्ये ते लिलावात २१.१ दशलक्षांना विकलं गेलं. मार्शलला त्यातून दमडीही मिळणार नव्हती, कारण फेरविक्रीतला वाटा कलाकाराला द्यावा असा कायदा अमेरिकेत देशपातळीवर नाही. युरोपातल्या अनेक देशांत आहे. ते प्राधिकरण सार्वजनिक, चित्रही एका अर्थी सगळ्यांचंच होतं. ते खासगी घरात गेलं.

दुसरी गोष्ट मला जास्त जवळची. वेस्ट साइडला लेगलर शाखा ग्रंथालय आहे. तिथे मार्शलचं १९९५ सालचं 'नॉलेज अँड वंडर' हे भिंतभर चित्र होतं. मुलं आणि थोडी मोठी माणसं आपल्याकडे पाठ करून उभी, आणि त्यांच्यासमोर माणसाहून उंच पुस्तकं, ग्रह, तारे. २०१६ साली मी मुलीला घेऊन गेलो होतो. ती त्या पाठमोऱ्या मुलांच्या रांगेच्या टोकाला जाऊन, त्यांच्यातलीच एक असल्यासारखी मान वर करून उभी राहिली. तिला कुणी सांगितलं नव्हतं. चित्र लावण्याची जागा कशी असावी ते मला त्या दिवशी समजलं.

२०१८च्या शरदात महापालिकेने तेही लिलावात काढायचं ठरवलं. येणाऱ्या पैशांतून ग्रंथालय सुधारणार होते, हेतू वाईट नव्हता. पण मार्शलने जाहीर नाराजी व्यक्त केली, लोक बोलले, आणि नोव्हेंबरमध्ये महापौरांनी चित्र मागे घेतलं. वस्तीतल्या ग्रंथालयात त्या वस्तीतल्या मुलांसाठी काढलेलं चित्र विकून ग्रंथालयच दुरुस्त करायचं, हा हिशेब मला आजही पटत नाही.

रानजाई

माजघर, तुमच्या लेकीची गोष्ट मनात राहील.

तिठा, शंका रास्त आहे. बाजारातल्या भावाला मी उचलून धरणं म्हणणार नाही. भाव वाढतो तो बहुतेक वेळा कुणीतरी आधी वीसतीस वर्षं विनामोबदला राबल्यावर. मार्शलचंच बघा. १९८५ मध्ये तो हार्लेमच्या स्टुडिओ म्युझियममध्ये निवासी कलाकार होता. हे संग्रहालय १९६८ मध्ये फिफ्थ ॲव्हेन्यूवरच्या भाड्याच्या माळ्यावर सुरू झालं. निवासी कलाकाराला तिथे काम करायला खोली आणि विद्यावेतन मिळतं. न विकलेल्या चित्रांचा खर्च कुणीतरी उचलण्याचा हा प्रकार आहे, आणि कलाकाराला तीच मदत सगळ्यात उपयोगी पडते.

अटलांटाचं उदाहरण मला त्याहून आवडतं. चित्रकार हेल वुड्रफ अटलांटा विद्यापीठात शिकवत होता. दक्षिणेत तेव्हा सगळं वर्णभेदावर चालायचं, कृष्णवर्णीय चित्रकारांना प्रदर्शनांत जागा नसे. १९४२ मध्ये त्याने वार्षिक प्रदर्शन सुरू केलं आणि बक्षिसाची पद्धत अशी ठेवली की बक्षीस म्हणजे खरेदीच. बक्षीसपात्र चित्र विद्यापीठ विकत घेणार. १९७० पर्यंत हे चाललं. म्हणजे चित्रकाराच्या हातात पैसे पडले, नाव छापून आलं, आणि चित्र विद्यार्थ्यांच्या डोळ्यांसमोर राहिलं. आज क्लार्क अटलांटा विद्यापीठाच्या संग्रहालयाचा गाभा याच खरेदीतून झालेला आहे. एका शिक्षकाने एका नियमातून अख्खं संग्रहालय उभं केलं.

चौथाई

मी थोडा वेगळा सूर लावतो, राग मानू नका. 'कृष्णवर्णीय कलाकार' अशी वेगळी ओळ केली की कलाकार त्या कप्प्यातच अडकतो असं नाही का? चित्र चांगलं असेल तर चांगलं. स्वतंत्र संग्रह, स्वतंत्र प्रदर्शनं, स्वतंत्र बक्षिसं केली की मुख्य दालनाचं दार उघडायची गरजच कुणाला वाटत नाही.

रानजाई

चौथाई, राग कसला. हा प्रश्न सगळ्यात आधी त्या कलाकारांनीच विचारला होता.

हार्मन फाउंडेशन नावाची संस्था १९२०च्या दशकापासून कृष्णवर्णीय कलाकारांना बक्षिसं देत असे, प्रदर्शनं भरवत असे. १९३४ मध्ये रोमेर बेअर्डन या तरुण चित्रकाराने तिच्यावर जाहीर लेख लिहून टीका केली. त्याचं म्हणणं, अशी प्रदर्शनं कलाकाराला कसाला न लावता गोंजारतात आणि दर्जा खाली येतो. तुमच्या मुद्द्यापेक्षाही हे कडक आहे. आता गंमत नाही, गांभीर्याने सांगते : याच बेअर्डनने १९६९ मध्ये नॉर्मन लुइस आणि अर्नेस्ट क्रिचलो यांच्यासोबत न्यूयॉर्कमध्ये सिंक गॅलरी काढली, नव्या अल्पसंख्याक कलाकारांसाठी. मधल्या पस्तीस वर्षांत त्याचं मत का वळलं असेल याचा मी माझ्यापुरता लावलेला अर्थ असा : मुख्य दालनाचं दार त्याने ठोठावून पाहिलं होतं, आणि तिघांतल्या नॉर्मन लुइसने तर अमूर्त चित्रं काढूनही ते त्याच्यासाठी पुरतं उघडलं नाही. अमूर्तात वंश दिसत नाही, मग अडलं कुठे?

दुसरं उदाहरण आमच्या शहरातलं. १९४३ मध्ये हॉवर्ड विद्यापीठाचे जेम्स हेरिंग आणि अलोन्झो एडन यांनी आपल्या राहत्या घरात बार्नेट-एडन गॅलरी उघडली. तिथे कृष्णवर्णीय आणि गोरे कलाकार एकाच भिंतीवर लागायचे. वर्णभेदाच्या वॉशिंग्टनमध्ये! म्हणजे सर्वांना सामावणारं 'मुख्य दालन' कृष्णवर्णीय माणसांनीच आधी स्वतःच्या घरात करून दाखवलं.

या गॅलरीच्या कामात आल्मा थॉमस होती. पस्तीस वर्षं सरकारी शाळेत चित्रकला शिकवली, निवृत्त झाली आणि मग खऱ्या अर्थाने रंगाला लागली. पंधराव्या रस्त्यावरच्या लहानशा घरात, स्वयंपाकघरात कॅनव्हास टेकवून ती काम करायची. खिडकीतून हॉलीचं झाड दिसायचं. पानांमधून येणारे उजेडाचे तुकडे म्हणजेच तिचे ते रंगीत ठोकळे, एकाशेजारी एक, मध्ये पांढऱ्या भेगा. १९७२ मध्ये, ऐंशीच्या घरात असताना, न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात तिचं एकल प्रदर्शन झालं. तिथे तो मान मिळालेली ती पहिली कृष्णवर्णीय स्त्री. २०१५ मध्ये तिचं 'रेझरेक्शन' व्हाइट हाउसमध्ये लागलं. कृष्णवर्णीय स्त्रीचं काम तिथल्या कायम संग्रहात जायला तेवढी वर्षं लागली.

म्हणून माझं मत असं की वेगळी ओळ ही कलाकारांनी मागितलेली नव्हती. पण दार बंद असताना बाहेर चित्रं भिजू द्यायची नाहीत, हे काम कुणीतरी करायलाच हवं होतं.

चौथाई

बेअर्डनचं माहीत नव्हतं. विचार करतो. अमूर्त चित्रांचा मुद्दा विशेष लागला.

अबोली

रानजाईताई, मी पहिल्यांदाच या धाग्यावर लिहितेय. चित्रांतलं मला फार कळत नाही, पण गोधड्यांतलं कळतं. अलाबामातल्या जीज बेंडच्या बायकांच्या गोधड्या फोटोंत पाहिल्या आणि थक्क झाले. नदीच्या वळणातलं गाव, गुलामांचे वंशज, निम्म्या गावाचं आडनाव पेटवे, मळ्याच्या मालकाचं. २००२ मध्ये ह्यूस्टनच्या आणि व्हिटनीच्या संग्रहालयांत त्या भिंतीवर लागल्या असं वाचलं.

माझं माहेर कर्नाटकातलं हल्याळ. आमच्या भागात, यल्लापूर, मुंडगोडच्या रानात सिद्दी लोकांच्या वस्त्या आहेत. पोर्तुगीजांनी आफ्रिकेतून गोव्यात गुलाम म्हणून आणलेल्यांपैकी कित्येक तिथून निसटून या जंगलांत आले. कोकणी बोलतात. सिद्दी बायका जी गोधडी शिवतात तिला कवंद म्हणतात. आपण गोधडीला आधी तुकडे जोडून मग अस्तर लावतो, त्या तसं करत नाहीत. खाली जुनी साडी अंथरतात, एका कोपऱ्यापासून कडेकडेने तुकडे ठेवत धावदोरा घालत आत आत जातात, आणि मध्यावर येऊन संपवतात. चारी कोपऱ्यांना घडी घातलेले लहान तुकडे बसवतात, त्यांना फुलं म्हणतात. फुलांशिवाय कवंद उघडी वाटते म्हणे. आमच्या घरी एक आहे, आईच्या जुन्या साड्यांची. मी त्यावरच वाढले.

तुमचा धागा वाचताना एकच गोष्ट टोचतेय. ती शिवणाऱ्या बाईचं नाव आम्हाला कुणालाच सांगता येत नाही. माझ्या बाळंतपणात आलेल्या आहेराची यादी घरात जपून ठेवलेली आहे, आणि तिचं नाव नाही.

रानजाई

अबोली, तू लिहिलंस हे फार बरं झालं. तुझी ही पोस्ट वाचून मी काल वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरी या संग्रहालयातल्या एका गोधडीचे फोटो पुन्हा काढून पाहिले.

मिसूरी पेटवेची १९४२ मधली गोधडी. नवरा गेला, तेव्हा तिने त्याचे कामाचे कपडे उसवून शिवली. शेतात घालायच्या पँटी, शर्ट. निळा विटून राखाडी झालेला, आणि जिथे गुडघे टेकत तिथला पट्टा वेगळाच फिका. मुलगी आर्लोन्झिया तेव्हा सतराअठरा वर्षांची होती. पुढे तिने सांगितलं, की त्याची आठवण राहावी आणि मायेने ते पांघरता यावं म्हणून आईने ती शिवली. आजोबांच्या धोतराच्या गोधडीत झोपलेल्या आपल्यासारख्यांना ते कापड हाताला लागल्याशिवायही कळतं.

ती गोधडी संग्रहालयात पोचली कारण विल्यम आर्नेट या संग्राहकाने दक्षिणेतल्या अशा कलाकारांचं काम वर्षानुवर्षं गोळा केलं आणि २०१० मध्ये सोल्स ग्रोन डीप ही संस्था स्थापन झाली. २०२० मध्ये नॅशनल गॅलरीने तिच्याकडून चाळीस कलाकृती घेतल्या, त्यांत जीज बेंडच्या नऊ गोधड्या. पैशांची वाटणी न्याय्य झाली का यावर मागे वाद झाले, कोर्टापर्यंत गेले आणि मिटले. ते लपवण्यात अर्थ नाही. तिठांनी विचारलेला प्रश्न गोधडीलाही लागू आहे. पण एक गोष्ट निश्चित झाली : प्रत्येक गोधडीखाली शिवणारीचं नाव आहे, साल आहे, कापड कुठलं ते आहे.

तिठा

आणि आमच्यासारख्या पगारदारांनी? लॉरेन्स तर परवडण्यातला नाही.

रानजाई

पॉल जोन्स बघा. अलाबामातल्या खाणकामगारांच्या वस्तीत वाढला, सरकारी नोकऱ्या केल्या, अटलांटात राहिला. सुरुवातीला देगा, शगाल यांच्या नकला आणून लावल्या. मग त्याच्या लक्षात आलं, की संग्रहालयांत आपल्या लोकांची चित्रंच दिसत नाहीत. तेव्हापासून चालू काळातल्या, फारशा नाव नसलेल्या कलाकारांची, आपल्या आवाक्यातली कामं घेत गेला. भिंती भरल्या तरी घेत राहिला. आणि शेवटी विकलं नाही, २००१ मध्ये डेलावेअर आणि २००८ मध्ये अलाबामा विद्यापीठाला देऊन टाकलं, शिकवायला वापरा म्हणून.

छापचित्र हा आपल्यासाठी चांगला रस्ता आहे. शिवाय नुसतं विकत घेणं म्हणजेच जपणं नव्हे. डेव्हिड ड्रिस्केलने १९७६ मध्ये लॉस एंजेलिसला 'कृष्णवर्णीय अमेरिकन कलेची दोन शतकं' हे प्रदर्शन मांडलं, २०० वर कलाकृती. कितीतरी कामं त्याने घराघरांतून आणि छोट्या कृष्णवर्णीय महाविद्यालयांतून हुडकून आणली. त्याच्या नावाचं केंद्र इथे मेरीलँड विद्यापीठात आहे. तिथे चित्रांच्या जोडीने पत्रं, कात्रणं, स्लाइडसुद्धा जपलेल्या आहेत. पावत्या आणि जुनी निमंत्रणपत्रिका टाकून देऊ नका, एवढं तरी प्रत्येकाला करता येतं.

शिसपेन्सिल

लॉरेन्सच्या दुसऱ्या मालिकेतली हरवलेली चित्रं सापडली, ती कशी?

रानजाई

'स्ट्रगल' मालिका, १९५४ ते ५६. अमेरिकेच्या सुरुवातीच्या इतिहासावरची तीस चित्रं. ज्या खासगी संग्राहकाने ती घेतली त्याने एकेक करून विकली, आणि मालिका फुटली. पाच चित्रांचा पत्ता नव्हता. २०२० मध्ये मालिका न्यूयॉर्कच्या मेट संग्रहालयात लागली, तेव्हा पाहायला आलेल्या एका बाईंना वाटलं, असं चित्र आपण शेजाऱ्यांकडे पाहिलंय. शेजारी म्हणजे एक वयस्कर जोडपं. १९६० मध्ये एका संगीतशाळेच्या मदतीसाठी नाताळात लिलाव झाला, तिथे त्यांनी ते थोड्याशा पैशांत घेतलेलं. साठ वर्षं घराच्या भिंतीवर होतं. सोळावं चित्र. पुढच्या वर्षी त्याच भागातल्या आणखी एका घरात अठ्ठाविसावं मिळालं.

त्या जोडप्याला ते काय आहे हे माहीत नव्हतं, पण त्यांनी ते नीट ठेवलं होतं. मागे कागद नीट असते तर साठ वर्षं लागली नसती.

अबोली

रानजाईताई, काल रात्री आईला फोन केला. नाव तिला आठवेना. एवढंच आठवलं, की ती बाजाराच्या दिवशी यायची, मुंडगोडकडची होती, आणि कोपऱ्यांच्या फुलांसाठी तिने लाल कापड मुद्दाम स्वतःकडचं आणलं होतं. आमच्या साड्यांत लाल नव्हता. हे मला आजवर माहीत नव्हतं. आई म्हणाली, शेजारच्या काकूंनीही तिच्याकडून शिवून घेतली होती, त्यांना विचारून बघते.

रानजाई

अबोली, काकूंचं उत्तर येईपर्यंत थांबू नकोस. आई जे सांगते ते आजच लिहून ठेव : साड्या कुणाच्या, साधारण साल, बाजाराचा दिवस, लाल कापड तिचं. चारी कोपऱ्यांचे आणि मागच्या बाजूचे फोटो काढ. सुती कापडाच्या तुकड्यावर लिहून तो मागच्या कडेला दोन टाक्यांनी अडकव. पेन्सिलीने लिही, शाई धुण्यात फुटते. नावाची जागा रिकामी सोड.